एकोणीस वर्षांची फाईल

क्रेनवाल्या काकांचा फोन आला की सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनच्या खोलीत सगळ्यांना एकदम तहान लागायची. एकेक जण बाटली उचलून सटकायचा आणि फोन पडायचा ताईच्या गळ्यात. ताई तिथली सगळ्यात जुनी. सात वर्षं एकाच खुर्चीवर, आणि त्या खुर्चीचंही एक चाक गायब.

"तुमचं नवं व्हर्जन भिकार आहे," काका म्हणाले. नमस्कार वगैरे काही नाही.

"बोला, काका."

"काय बोला! तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हापासून मी या सॉफ्टवेअरवर क्रेनची डिझाइनं करतोय. कालपर्यंत माझ्या क्रेनचा हात वजनाने चार मिलिमीटर वाकत होता. आज अकरा दाखवतोय! तोच हात, तेच वजन. चार वाजता ड्रॉइंग कारखान्यात द्यायचंय. खाली माणसं काम करतात, पोरी. मस्करी नाही."

"फाईल पाठवा."

फाईल आली. वजन बरोबर, लोखंड बरोबर, बोल्ट जागेवर. ताईने यादी खालपर्यंत सरकवली. अगदी तळाला एक पुसट ओळ होती, 'तात्पुरता'. तिने ती दिसती केली. हाताच्या मुळापासून जरा पुढे एक आधार निघाला. खाली खांब नाही, भिंत नाही, नुसता हवेत. जुनं व्हर्जन लपवलेल्या गोष्टीही हिशेबात धरायचं, नवं धरत नव्हतं.

"काका, ही फाईल नवी बनवलीत?"

"नवी कशाला? जुनी उघडायची, दुसऱ्या नावाने सेव्ह करायची, मापं बदलायची. एकोणीस वर्षं असंच. पहिल्या फाईलीला सारखा एरर यायचा, नाकी नऊ आले होते. परत कोण त्या भानगडीत पडतंय?"

साहेब मागे येऊन उभा होता. "जुन्या पद्धतीवर टिक मार," तो कुजबुजला. "चार मिलिमीटर येतील. म्हातारा खूश, तक्रार बंद."

खरंच एका टिकचं काम होतं. ताईने बाण चौकोनावर नेला, आणि तिथून काढला.

"काका, अकराच बरोबर आहे. तुमच्या फाईलीत हवेत एक आधार लपलाय. नाव तात्पुरता."

पलीकडे माऊसची टकटक झाली.

"तो मीच टाकला होता," काका सावकाश म्हणाले. "एरर घालवायला. नंतर काढणार होतो." मग, "सगळ्यांत असेल?"

"या फाईलीवरून बनवल्यात तेवढ्या सगळ्यांत."

"सगळ्या हिच्यावरूनच. चव्वेचाळीस क्रेन." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आजचं ड्रॉइंग थांबवतो. बाकी क्रेनच्या मालकांना फोन करतो, परत तपासेपर्यंत वजन उचलू नका म्हणून."

काकांनी फोन ठेवला. साहेब "आता तूच निस्तर" म्हणून निघून गेला.

दुपारी चारला परत काकांचा फोन. या वेळी कुणाला तहान लागली नाही. माना स्क्रीनकडे, कान इकडे.

"केले सगळ्यांना. दोघांनी आईवरून शिव्या दिल्या."

"हं."

"पोरी, एक सांग. नवी फाईल कुठून उघडतात?"

"वर डावीकडे, काका. पहिलंच बटण."

"हे होय," काका म्हणाले. "रोज दिसतं की."