खांद्याची शपथ

मी चांद्या बोलतोय. राळेगावच्या बाजारात मला न ओळखणारा माणूस दाखवाच! कपाळावर पांढरा चांद, अंगात मस्ती आणि जिभेला सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, भारी वेड. मालक घनश्याम, त्याच्याच गोठ्यात जन्मलो, त्याच्याच हाताखाली औत शिकलो. कपाशीच्या पऱ्हाटीत कोळपणीचा डवरा ओढला, कापसाची बंडी ओढली. मालक तसा मायाळू. पण बाजारातून परतताना बंडी बाभळीच्या वळणाला थांबायचीच. तिथं श्रावणची दारू. तो मालकाच्या हातात ग्लास द्यायचा आणि माझ्या तोंडात ढेपेचा तुकडा. पुढे पुढे तर कासरा ओढावाच लागेना, मी आपणहून वळायचो.

मालक वास लपवायला बडीसोप चघळत घरी यायचा. काय उपयोग! त्याची बायको विमलताई त्याच्याकडे बघायचीच नाही. माझ्या तोंडाला लागलेला ढेपेचा चुरा बघायची आणि आत जायची.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमची खांदशेकणी झाली. मालकानं पळसाच्या पानानं माझ्या खांद्याला लोणी-हळद लावली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तो विमलताईला म्हणाला, "आजपासून दारू बंद. सुरभीची शपथ."

"काढा तो हात!" ती कडाडली. "पोरीची शपथ कितीदा मोडली तुमी? घ्या या बैलाची. उद्या पोया फुटल्यावर शुद्धीत घरी आले त पूजा करीन. नाही त पोरीले घेऊन नेरले माहेरी जाईन. पिशवी भरून ठेवली हाय."

मालकानं माझ्या खांद्यावर तळवा टेकवला. "चांद्या, तुही शपथ," इतकंच म्हणाला. शपथ म्हणजे काय ते मला कळलं नाही, हात मात्र कळला.

दुसऱ्या दिवशी काय थाट! सुरभीनं माझी शिंगं निळी रंगवली, वर बेगड चिकटवलं. पाठीवर आरशांची झूल! तोरणाखाली गावातल्या सगळ्या जोड्या उभ्या, ढोल कडाडतायत, पोळ्याच्या गाण्यांचा, झडत्यांचा दणदणाट, जो तो मोबाइल उंच धरून! माझा जोडीदार कबऱ्या तर जागच्या जागी नाचत होता. तोरण तुटलं, पोळा फुटला आणि आम्ही धूम निघालो!

घरची वाट बाभळीच्या वळणावरूनच होती. पाय सवयीनं वळले आणि मी थेट श्रावणच्या दारात! मागून येणारे लोक हसायला लागले.

"बघ घनश्याम, बैलाले समजते, तुले काहून नाही समजत?" श्रावण म्हणाला. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात ढेप. "सणाचा दिवस हाय. घे, कोण पाहून राह्यलं?"

मालकानं माझ्या खांद्यावर तळवा टेकवला. त्याची नजर ग्लासावर, माझी ढेपेवर. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं होतं. मी जीभ बाहेर काढलीसुद्धा.

"त्याले ढेप देऊ नको!" मालक एकदम ओरडला. "त्यानंबी सोडली!"

हशा पिकला. मालक हसला नाही, त्याचे डोळे भरले होते. कासरा हातात होता, पण ओढायला जोर कुठे होता! मग मीच मान फिरवली आणि कबऱ्यासकट त्याला ओढत घराकडे निघालो. जीव ढेपेत अडकला होता, तरी निघालो! गळ्यातली घुंगरमाळ गल्लीभर वाजत होती.

विमलताई आरती घेऊन दारात उभी होती. भरलेली पिशवी उंबऱ्याशी. ती मालकाकडे गेलीच नाही. सरळ माझ्याकडे आली, माझा जबडा धरून न्याहाळला, बोटानं ओठ पुसून पाहिला.

"सुरभे, पुरणपोळी आण!" ती ओरडली. "दोघायचंबी तोंड साफ हाय!"

पहिली पोळी मला मिळाली. मालक अंगणात बसून रडत रडत दुसरी खात होता, आणि सुरभीनं ती पिशवी आत नेऊन रिकामी केली.

उद्या बाजार आहे. बंडी त्याच वळणावरून जाईल. श्रावणभाऊ, हात तर मला जोडता येत नाहीत, पण एक विनंती आहे. ढेप तेवढी आत ठेवा. मालकाचं मी बघतो, माझंच अजून काही खरं नाही.