शिवण

दिव्याच्या शेडच्या वरच्या कड्याला एक माशी चिकटली होती, मेलेली, वाळलेली, कुठल्या उन्हाळ्यातली कोण जाणे, आणि गुनवोरने ती नखाने टोकरली तेव्हा तिच्याबरोबर जुन्या कापडाचा एक तुकडाही निघून आला. पिवळं पडलेलं, चुण्या घातलेलं कापड. एकेकाळी पांढरं होतं... छे, पांढरं कसलं, नवरा, सिक्स्टेन, त्याला सायीचा रंग म्हणायचा. दुकानात त्यानेच निवडलं होतं. ती काहीतरी लालसर बघत होती, तर तो हळूच कानाशी येऊन म्हणाला होता, "अगं, खिडकीत ठेवायचा दिवा आहे. अख्खी गल्ली बघणार." आणि अख्खी गल्ली बघत राहिली, इतकी वर्षं, तो सायीच्या रंगाचा उजेड आणि त्याच्यामागचं सुखाचं घर.

उरलेलं कापड तिने टराटरा ओढून काढलं. त्या आवाजाने तिला फार बरं वाटलं.

आज शुक्रवार. रविवारी तो येणार. वर्षभर सुंद्सवालला त्या दुसऱ्या बाईकडे राहून झालं आणि आता साहेबांना इथली, हर्नोसांदची आठवण झाली. 'समोरासमोर बोलायचंय, गुनवोर.' आणि मी काय म्हटलं? म्हटलं, कॉफी करीन. कॉफी! एवढ्या रात्री छताकडे बघत त्याला सुनावायची वाक्यं जुळवली, आणि ऐन वेळी तोंडातून काय निघालं, तर कॉफी.

सकाळी टूवाचा फोन आला होता. लेक सरळ मुद्द्यावर येणारी, बापासारखी.

"आई, तो परत राहायला यायचं म्हणतोय. तू काय सांगणार आहेस?"

"मी दिव्याचं कापड बदलतेय."

"मी विचारतेय काय, तू सांगतेयस काय!"

"तेच सांगतेय."

"त्याच्यासाठी बदलतेयस का?"

  उत्तराची वाट न बघता टूवा म्हणाली, "बरं, कर तुझं," आणि त्यात राग होता की माया, हे गुनवोरला कळलं नाही.

त्याच्यासाठी? नोव्हेंबरात इथे दुपारी तीनलाच काळोख पडतो, आणि मग खिडकीखिडकीत दिवे लागतात, पडदे कोणी ओढत नाही, लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे! एकटी तिची खिडकी वर्षभर अंधारी, पडलेल्या दातासारखी. समोरच्या सोल्वेगने तर भर दुकानात, चार बायांसमोर विचारलं होतं, "खिडकीत दिवा नाही लावत हल्ली? आजारी आहेस का गं?" आणि ती म्हणाली होती, बल्ब गेलाय. वर्षभर बल्ब गेलेला! कोण विश्वास ठेवणार... पण सगळ्यांनी ठेवल्यासारखं केलं, आणि तेच जास्त लागलं.

टेबलावर नवं कापड घडी करून ठेवलेलं होतं. परवाच आणलेलं. साधं, जाडसर, सायीच्या रंगाचं. दुकानात हात आपसूक त्याच ताग्यावर गेला होता. सवय म्हणायची, दुसरं काय... कात्री शोधायला तिने कपाट उघडलं, चादरींच्या मागे हात घातला, आणि कात्रीच्या आधी हाताला तो पडदा लागला.

नारिंगी. बशीएवढाली फुलं. लग्नाआधी येव्ले शहरात एका खोलीत राहायची तेव्हा पहिल्या पगारात घेतलेला, स्वतः शिवलेला, आणि लग्नानंतर या घरात एकदाच लावलेला. "सर्कशीचा तंबू!" सिक्स्टेन हसला होता. तीही हसली होती. त्याच्याहून मोठ्याने. मग घडी घालून ठेवून दिला होता, आणि आज तो हातात घेतल्यावर त्या खोलीचा वास आला... छे, वास कसला येतोय, साबणाचाच होता, पण मला आला. एका माणसापुरती ती खोली, आणि संध्याकाळी भिंतीवर पडणारा तो नारिंगी उजेड, आणि त्यात पाय पसरून बसलेली मी, कुणालाही न विचारता.

तिने दोन्ही कापडं शेजारी शेजारी पसरली. तो काय म्हणेल? सोल्वेग काय म्हणेल? हे चाललेलं असताना कात्री नारिंगी कापडातून निम्म्यापर्यंत गेलीसुद्धा होती.

गोंद, चिमटे, जिभेचं टोक दातात धरलेलं. सगळ्यात मोठं फूल बरोबर मध्यावर आलं, पण दुसऱ्या बाजूला कडेवर कड बसवताना कापड सरकलं, जोडाची शिवण तिरकी झाली, गोंद बाहेर आला. असू दे. शिवण काय, घराकडेच येणार. आईने शिकवलं होतं, शिवण आत, तोंड रस्त्याकडे. सगळी गल्ली असेच दिवे ठेवते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अंधार पडल्यावर तिने तसाच दिवा खिडकीत ठेवला आणि लावला. दोन मिनिटांत फोन.

"अगं बाई! मिळाला का एकदाचा बल्ब?" सोल्वेग खिदळली.

"मिळाला."

"आणि केवढं ते फूल! इथून डोळे दिपले माझे. रविवारी सिक्स्टेन येतोय म्हणे? छान झालं, खालूनच बघून खूश होईल बघ."

खालूनच. गुनवोर कॉफी आणि दालचिनीचा बन घेऊन खुर्चीत बसली. समोर दिवा. दिव्यावर ती तिरकी काळी रेघ, गोंदाचे डाग, प्रकाशात दुप्पट उठून दिसणारे. आणि पलीकडे, काळ्या काचेत, रस्त्याकडे तोंड केलेल्या त्या फुलाचं अर्धंमुर्धं प्रतिबिंब. माझंच फूल, आणि मी ते काचेत बघायचं? इतकी वर्षं मी याच खुर्चीत शिवणीसमोर बसले... आणि बाहेरून जाणारे म्हणायचे, काय सुरेख दिवा आहे.

ती उठली. शेड गरम झाली होती. बोटांच्या टोकांनी तिने ती फिरवली, हळूहळू, अर्धा फेरा.

फूल आत आलं. टेबलावर, कपावर, तिच्या मनगटावर नारिंगी उजेड सांडला. शिवण आता सगळ्यांना दिसत असणार, डागांसकट! फोन पुन्हा वाजायला लागला. सोल्वेगच, दुसरं कोण. वाजू दे. गुनवोरने बन मोडला आणि पाय समोरच्या स्टुलावर पसरले.

रविवारी काय सांगायचं ते मला अजून माहीत नाही. 'ये' म्हणेन, 'जा' म्हणेन, कदाचित नुसती कॉफी देईन. पण गाडी लावून तो सवयीने वर बघेल, तेव्हा त्याला आधी शिवण दिसेल. फूल बघायचं तर जिना चढून आत यावं लागेल, माझ्या बाजूला बसावं लागेल... बोलावलं तर.