दादाने बांधलेली जाळी

“मुकेशभाई, अख्खा पाण्यात बुडालेला पंप पाण्यावाचून जळतो कसा?”

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या दक्षा आणि रविनाने लावली होती. तलासरी नाक्यावरच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. पण यंदा मी दहावीला आलेय आणि माझा आवाज सुटलाय. विचारलं! रविना माझ्या दप्तरामागे लपून खिदळत होती.

मुकेशभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “अरे छोकरी, तुझं नाक-तोंड दाबलं आणि पळ म्हटलं तर पळशील? पंपाचंही तसंच. बाहेर पाणी असून काय उपयोग, आत जायला पाहिजे ना? जाळी तुंबली की मोटर तापते, आणि तापली की ट्रिप होऊन बंद.” मग जरा हळू म्हणाले, “तुमच्याच घरचा ना? मी कंडेन्सर बदलून दिला. पंप वर काढून बघू म्हटलं, तर तुझी आई टाकीच्या झाकणावरच बसली.”

रविनाचं खिदळणं थांबलं. दक्षाने पैजेत हरलेली बर्फाची पेप्सी मला घेऊन दिली. मी ती चोखलीच नाही, हातात धरून नुसती वितळू दिली.

आमच्या पाड्यावर पावसाच्या पाण्याची टाकी फक्त आमच्याकडे आहे. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून तिच्यात उतरतं आणि वर्षभर पिण्या-रांधण्याला पुरतं. माझ्या मोठ्या भावाने, नविनदादाने ती बांधली. दादा गुजरातच्या बोटीवर खलाशी. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून जून लागला की तो घरी. आल्या आल्या पहिलं काम टाकीचं. पंप वर ओढायचा, त्याच्या तोंडाला गुंडाळलेली मासेमारीची निळी जाळी सोडायची, गाळ धुऊन परत बांधायची. गाठ बोटीवरची. “ही फक्त मीच सोडणार हां, आई,” असा भाव खायचा.

मागच्या जूनमध्ये दादा आला नाही. त्याच्या बोटीने समुद्रात देशाची हद्द ओलांडली, सगळ्यांना धरलं. तो पलीकडच्या जेलात आहे, एवढंच आम्हाला कळलंय. या जूनमध्ये पाड्यावरचे सगळे खलाशी घरी आलेत. दक्षाचा भाऊ सुके बोंबील घेऊन आला. त्याच्या घरात रोज हसण्याचे आवाज, आणि आमच्या घरात पंपाची नुसती घुर्र, मग टक् करून बंद.

पंप बंद पडल्यापासून आई दोरीला डबा बांधून टाकीतून पाणी काढते. मग खांदा दाबत ओट्यावर बसून राहते.

त्या संध्याकाळी मी दप्तर टाकलं, मेन स्विच पाडला आणि टाकीकडे निघाले. आई माझ्या आधी जाऊन झाकणावर बसली.

“आई, जाळी तुंबलीय. दोन वर्षं कोणी धुतली नाही.”

“त्याचं काम आहे ते.”

“पाऊस तोंडावर आलाय. जुन्या गाळावर नवं पाणी पडणार.”

“पडू दे. तो येईल, तो सोडेल.”

“आणि नाही आला तर?”

माझ्या तोंडून गेलंच. नवा आवाज, कुठे थांबायचं ते अजून कळत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. “तू गाठ सोडलीस तर मग तो कशाला येईल?” ती म्हणाली. इतकं साधं बोलली, जसं काही मीठ संपलंय असं सांगतेय.

बाबा ओट्यावरून उठून आले. ते दादाबद्दल बोलतच नाहीत. तिच्याजवळ उकिडवे बसले. “लाडके,” ते आईला म्हणाले, “गाठीवर असतं तर आतापर्यंत आला नसता का गं पोरगा?”

आई झाकणावर हात टेकून उठली.

मी आणि बाबांनी दोर ओढून पंप वर काढला. जाळीचा निळा रंग दिसतच नव्हता. चिखल, चिकूची कुजकी पानं, शंखगोगलगायी. गाठ फुगून दगड झाली होती. मी कोयता आणला, तर आईने तो काढून घेतला. तिने पंप मांडीवर घेतला. नखांनी, मग दातांनी, ती गाठ उकलत राहिली. चिखल तिच्या ओठांना लागला होता. शेवटचा पीळ सुटला तेव्हा तिच्या तोंडून असा आवाज आला की बाबांनी तोंड फिरवलं.

जाळी मी धुतली. बांधायची वेळ आली. मला एकच गाठ येते, शाळेच्या बुटाच्या नाडीची. तीच मारली. पंप खाली सोडला, स्विच टाकला. घुर्र झाली, आणि नळातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी धो धो पडलं. कोणीच हसलं नाही. आईने धारेखाली हात धरले आणि तसेच ठेवले.

मग मी दोघांच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, “आई, बाबा, आजपासून दर जूनला ही जाळी मी सोडणार आणि मीच बांधणार. दादा ज्या जूनला येईल ना, त्यालाही हात लावू देणार नाही. त्याने नुसतं ओट्यावर बसायचं आणि बघायचं.”