उगाच जळणारा दिवा

मी एक दिवा बोलतोय. लगेच हात जोडू नका, मी देवघरातला नव्हे. मी माणसाच्या छातीवर आडवा पडून जळतो. पंजाएवढी काळी, मऊ पट्टी आणि तिच्या पोटात बारीक दिव्यांच्या रांगा, एवढाच माझा संसार. माझा अर्धा उजेड लाल दिसतो आणि अर्धा तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे माझं निम्मं कौतुक दर वेळी बुडतं.

माझा जन्म अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. माझी भावंडं ब्युटी पार्लरमध्ये लागली. सुरकुत्यांवर ऐटीत चमकतात, एसीत राहतात. मी मात्र घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात आलो, तोही थेट आयसीयूत. तिथे रेवती नावाच्या फिजिओथेरपिस्टने मला ताब्यात घेतलं. मुलगी फटकळ, पण हाताची हलकी.

तिने मला दशरथकाकांच्या बरगड्यांवर बांधलं. काका मुलुंडला राहणारे, मूळचे मालवणकडचे. न्यूमोनियाने असे आडवे झाले होते, की तोंडात नळी आणि उशाशी व्हेंटिलेटर. हा व्हेंटिलेटर म्हणजे माझा शेजारी. कर्तबगार खरा, पण लाड फार करतो. काकांचा श्वास तोच घ्यायचा. मग काकांच्या श्वासाच्या स्नायूंनी आयतं मिळतंय म्हणून अंगच टाकलं. त्या आळशांना उजेड पाजून पुन्हा कामाला जुंपायचं, यासाठी माझी नेमणूक. मी कितपत उपयोगी पडतो यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. घरच्यांना विचारून मला लावून बघत होते. मी परीक्षेला बसलेलाच होतो म्हणा ना.

भेटीच्या वेळी काकांची बायको नलिनीकाकी यायच्या. रेवतीने माझं बटण दाबलं की काकी चटकन हात जोडायच्या. घरी तिन्हीसांजेला ट्यूबलाइट लावल्यावर जोडतात ना, तसे. वर मी नको म्हटलं खरं, पण तेव्हा फार बरं वाटायचं.

त्यांची मुलगी श्वेता मात्र वात्रट. बापाच्या कानाशी वाकून म्हणायची, "बाबा, तुमच्या खोलीतला, न्हाणीतला, स्वयंपाकघरातला, सगळे दिवे चालू ठेवून आलेय. ओरडायचं असेल तर घरी यावं लागेल."

तेव्हा मला कळलं, की मी भलत्याच माणसाच्या छातीवर पडलोय. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की हा गृहस्थ घर डोक्यावर घ्यायचा.

एका सकाळी डॉक्टरांनी शेजाऱ्याचा लाड कमी करून बघितला. काकांनी थोडा वेळ तग धरला, मग धाप लागली, घामाने अंग भिजलं. डॉक्टर काकींना म्हणाले, "अजून एकदा बघू. तेव्हाही जमलं नाही, तर गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल." काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांची नजर चुकवून माझ्या पट्ट्याखाली काहीतरी सरकवलं. ग्रामदेवतेचा अंगारा, लाल फडक्यात घट्ट बांधलेली चांगली गुबगुबीत पुरचुंडी. पुतण्याने गावाहून एसटीने पाठवलेली. ती बसली नेमकी माझ्या आणि काकांच्या मधोमध. मी आपला इमानेइतबारे जळत होतो आणि सगळा उजेड अंगाऱ्याच्या अंगी लागत होता. देवाचे स्नायू बळकट झाले असतील तर मला ठाऊक नाही, काकांच्या वाट्याला मात्र काही येत नव्हतं. मला तोंड असतं तर बोंब मारली असती. नुसता लाल होऊन राहिलो.

शेवटी रेवतीला पट्टी फुगलेली दिसली. तिने हात घालून पुरचुंडी काढली. काकींचा चेहरा उतरला.

"काकी, ही उशीखाली ठेवूया ना."

"उशीखालसून तेका छाती दिसतली गो?"

"देव आहे ना काकी तो, त्याला सगळं दिसतं. माझ्या दिव्याला फडक्यातून दिसत नाही, तोच आंधळा आहे."

मला आंधळा म्हणाली. पण काकींना पटलं, म्हणून मी अपमान गिळला.

मग मी जीव तोडून जळलो. रेवतीने काकांकडून व्यायाम करून घेतला. उशीखालून देवही बघत असावा. पुन्हा परीक्षेची सकाळ आली. शेजारी गप्प झाला, काकांची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी त्या छातीवरच होतो, मला झोके बसत होते. एवढा सुखाचा झोका मी कधी घेतला नाही. नळी निघाली.

तरी कुणी हसेना. श्वास टिकतो का, याकडे दिवसभर सगळ्यांचे डोळे लागले होते. संध्याकाळी रेवतीने नेहमीसारखं माझं बटण दाबलं. काकींनी हात जोडले. काकांनी डोळे उघडले, मान किंचित उचलून स्वतःच्या छातीकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले,

"तो दिवो बंद कर गो. उगीच कित्याक जळता?"

काकींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला खालून दिसेना. श्वेता डोळे पुसत म्हणाली, "घरचेही करते बाबा. सगळे बंद करते."

काका घरी गेले. श्रेय काकींनी देवाला दिलं, डॉक्टरांनी औषधांना, रेवतीने व्यायामाला. मी तक्रार केली नाही, कारण बोलणी फक्त मलाच बसली होती.

आता मी पलीकडच्या खाटेवरच्या बाईंच्या बरगड्यांवर आहे. त्या अजून गप्प आहेत. बाई, लवकर जाग्या व्हा आणि माझ्यावर खेकसा. मी इथे उगाच जळतोय.