बेताचं पाणी

काकांना माझ्यामुळे मिळण्यासारखं एकच होतं: ऐकणारं माणूस. निवृत्तीनंतर घरात त्यांचं कोणी ऐकेना. काकू शिवणयंत्रावर बसल्या की यंत्राची घरघर आणि नवऱ्याचं बोलणं त्यांना सारखंच. दोन्हींपैकी कशानेच त्यांचा हात थांबत नसे.

मित्रांनो, मी एक जुना सक्युलंट आहे. जाड, रसाळ पानांचा. कुणाच्या तरी बाहीला लागून गळालेलं एक पान म्हणजे मी. काकांच्या गॅलरीत बुडाला भोक पडलेली किटली होती, तिच्यातल्या रेताड मातीत पडलो, रुजलो आणि वाढलो. कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

मग शेजारची नर्स म्हणाली, "काका, काय गोड झाड आहे हो! एक पान द्या ना."

काकांनी पान देठापासून अलगद फिरवून काढलं, पण तिच्या हातात दिलं नाही. "लगेच लावलं तर कुजतं. जखम सुकू दे. चार दिवसांनी ये."

खरंच होतं ते. पण एका पानात दोन भेटी पदरात पडतात, हेही काकांनी हेरलं होतं.

रीघ लागली. आल्यागेल्याला चहा होऊ लागला. दुसऱ्या भेटीला शिकवणी असे. "पान मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. आणि पाणी? अगदी बेताचं!" असं म्हणून काका पाण्याचा मग उचलत आणि बेताचं म्हणजे किती, ते माझ्यावर ओतून दाखवत. सकाळी नर्सला दाखवलं, दुपारी केस कापणाऱ्याला, संध्याकाळी त्याच्या मेहुण्याला. दर वेळी पाणी बेताचंच. बेरीज मात्र कोणी करत नव्हतं.

"काकांच्या हाताला गुण आहे," लोक म्हणत. मी आतून थकत गेलो. सांगणार कोणाला? मला तोंड असतं तरी काकांपुढे बोलायची पाळी आली नसती.

माझी पानं पिवळी, पाणचट होऊन गळू लागली. "तहानलंय बिचारं," म्हणत काकांनी पुन्हा मग उचलला. त्या दिवशी यंत्र थांबलं. काकूंनी येऊन माझं खोड दाबून पाहिलं.

"अहो, बुडाशी मऊ पडलंय हे!"

"पाणी कमी..."

"कमी? लोकांना शिकवता आणि याला बुडवता!"

त्यांनी कात्री आणली. "अगं, मरेल ते!" काका कळवळले.

"मरेलही. ठेवलं तर नक्कीच मरेल."

कुजकं बूड मुळांसकट कचऱ्यात गेलं. उरलेला शेंडा, म्हणजे मी, सावलीत एका रिकाम्या पेल्याच्या तोंडावर टेकून राहिलो. तहान लागली होती, पण त्या वेळी एक थेंबही मला घेऊन गेला असता.

केस कापणारा आला. "काका, मेहुण्याला अजून एक पान हवंय."

"आज नाही रे. आधी हे जगू दे." काका एवढंच बोलले आणि माझ्याजवळ बसून राहिले.

पुष्कळ दिवसांनी मला पांढरं, दोऱ्याएवढं मूळ फुटलं.

"ऐकलंस का? मूळ आलंय! घालू का पाणी?"

"नको. आधी मातीत बसू द्या."

"बरं," काका म्हणाले, आणि खरंच घातलं नाही.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आधी मातीत बोट घालून बघा. ओली लागली तर तसेच मागे फिरा.

बाकी त्या गाजलेल्या दिवसांचा हिशेब सरळ आहे. शाबासकी काकांना, पानं पाहुण्यांना, चहाचे कप विसळणं काकूंना. मुळं माझी गेली.