आईचा चौकोन

आम्हा मारवाड्यांत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. सोहनलाल. जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. ते आता मुलगा पारस चालवतो आणि सोहनलाल तिथे बसून त्याच्या चुका काढतात. मी धापूबाई, वय सदुसष्ट. मला रिकामं बसवत नाही, म्हणून पारसच्या जुन्या लॅपटॉपवर मी वंशावळ करायला घेतली.

सोहनलालांच्या सात पिढ्या दोन महिन्यांत भरून झाल्या. मग माझं मंचरचं माहेर घेतलं आणि गाडी पहिल्याच पायरीवर अडली. माझं नाव, वर वडिलांचं, शोभाचंद. त्यांच्या शेजारी आईचा चौकोन. तो रिकामा.

मी अकरा महिन्यांची असताना आई गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवीन आईला मी छोटी बाई म्हणायचे. मामाकडचं येणंजाणं आईबरोबरच संपलं. वडील बायकोचं नाव घेणार नाहीत, छोटी बाई मेलेल्या सवतीचं घेणार नाही, आणि आजी तिला नुसतं ‘ती बिचारी’ म्हणायची. आता ‘ती बिचारी’ हे काय चौकोनात लिहायचं नाव झालं?

“इतकी वर्षं चाललं ना नावाशिवाय?” सोहनलाल म्हणाले. “आता काय अडलंय?”

“माझं अडलंय.”

मी गेले की हे विचारणारंसुद्धा कोणी उरणार नव्हतं. त्याचाच मला राग येत होता.

सांगू शकेल असा एकच माणूस होता, राजस्थानातले रावजी. आमच्या कुळाच्या वह्या त्यांच्या घराण्याकडे असतात. माझ्या लहानपणी ते तीन-चार वर्षांनी मंचरला यायचे, ओट्यावर बसून लाल कापडातली लांबलचक वही उघडायचे आणि नवे जन्म, नवी लग्नं लिहून घ्यायचे. आता त्यांनी ऐंशी पार केली, प्रवास बंद झाला. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, पण समोरच्याचे ओठ दिसले तर समजतं, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. म्हणजे व्हिडिओ कॉलच करायला हवा. तीनदा लावला. तिन्ही वेळा रावजींनी तोंड उघडलं की चित्र तिथेच थिजायचं.

मग मी कंबर कसली. इंटरनेटची नवी लाईन मागवली, तेव्हा बोरी बुद्रुकचा गोरख शिडी घेऊन आला. तालुक्यातल्या निम्म्या घरांत वायर ओढणारा माणूस. आमची जुनी वायर बघून त्याने मान हलवली.

“काकी, ही लई जुनी हाय. उंदरांनी बी कुरतडून टाकलीय. हिच्यावर तोंड हलताना दिसायचं न्हाई.”

“मग नवीन टाक.”

“भिंतीला भोक पाडावं लागंल.”

“पाड.”

सोहनलाल खुर्चीतून उठले. “अगं, मेलेल्या माणसांपायी चांगली भिंत फोडतेस?”

गोरख ड्रिल हातात धरून आमच्या दोघांकडे बघत राहिला. “काका, तुमचं ठरूस्तवर मी च्या पिऊन येऊ का?”

“आधी भोक, मग चहा,” मी म्हणाले.

भोक पडलं. हॉलमध्ये मोठा टीव्हीही आला. मोबाईलचं चित्र टीव्हीवर कसं आणायचं ते मी गोरखकडून दोनदा करून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. “काकी, तुमी तर कंपनीत लागाल,” असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी आमच्या हॉलच्या भिंतीवर आले, हलत्या तोंडाचे. त्यांनी वही उलगडली, बोट फिरवत पान काढलं आणि मारवाडीत वाचलं. शोभाचंद. पहिली बायको बोथऱ्यांची मुलगी, एक मुलगी झाली, मग वारली.

“तिचं नाव?” मी ओठ मोठे करून विचारलं.

“हे पान माझ्या वडिलांच्या हातचं. ते बायकांचं फक्त माहेरचं कुळ लिहायचे.”

मला तो टीव्ही उचलून फेकावासा वाटला. रावजींना ते दिसलं असावं. त्यांनी चष्मा काढला.

“तिचा पत्रा कुठे आहे?”

“कसला पत्रा?”

मग त्यांनी सांगितलं. पहिली बायको गेली की तिची आकृती चांदीच्या पत्र्यावर उठवून दुसरीच्या गळ्यात घालायची, आपल्याकडची रीतच आहे. मागच्या बाजूला सोनार मेलेलीचं नाव ठोकायचा. “ते नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण पुसायचंही नाही,” रावजी म्हणाले.

छोटी बाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो पत्रा होता. सव्वीस वर्षांपूर्वी मंचरच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, तिने तो काढून माझ्या मुठीत दिला. “आता तू सांभाळ.” तिच्या सुनांना सोनं आणि मला हा पातळ पत्रा, म्हणून मी किती वर्षं जळत होते! पत्र्यावरची बाई म्हणजे कुलदेवी, असं समजून मी तो देव्हाऱ्यात ठेवला. रोज कुंकू लावलं. उलटून कधी बघितलं नाही. देवाला कोणी पालथं घालतं का?

फोन ठेवला आणि पत्रा आणला. मागची बाजू काळीकुट्ट होती. दंतमंजनाने घासली तरी नुसत्या डोळ्यांना खुणाच दिसत होत्या. मग माझी वही उघडून, लिहिल्याप्रमाणे, मोबाईलचा कॅमेरा टीव्हीवर घेतला. पत्रा परातीएवढा झाला. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मला काही वाचता येईना.

“तुम्ही वाचा,” मी सोहनलालांना म्हणाले.

ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. “सु,” ते म्हणाले. “ग. नी. सुगनी.”

“परत.”

“सुगनी.”

तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. ते आपणहून, हळूच म्हणाले.

मी तिथेच बसून रडले. सव्वीस वर्षं मी माझ्या आईपुढे हात जोडून पारसचं दुकान चालू दे, यांची शुगर उतरू दे, एवढंच मागत होते. आणि तिला त्याआधी चाळीस वर्षं उराशी बाळगणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात कंजूस म्हणत होते.

संध्याकाळच्या जेवणाआधी लॅपटॉप उघडला. आईच्या चौकोनात लिहिलं, सुगनी. मग तिच्या शेजारी आणखी एक चौकोन काढून छोटी बाईचं नाव लिहिलं, भवरी, आणि तिथून खाली माझ्या नावापर्यंत रेघ ओढली. प्रोग्रामने लाल अक्षरांत सांगितलं, या व्यक्तीची आई आधीच नोंदवली आहे.

मी पुन्हा रेघ ओढली. पुन्हा लाल अक्षरं.

“अगं, ऊन उतरलं. दिवस बुडाल्यावर आपण जेवत नाही, जेवायचं राहील,” सोहनलाल म्हणाले.

“राहू दे,” मी म्हणाले आणि तिसऱ्यांदा रेघ ओढली.