हिरव्या कापडातला पोलादी हात

मी बोलतोय तो दुहेरी हिरव्या कापडाच्या आतून. आवाज दबका वाटला तर क्षमा असावी. मी रिट्रॅक्टर : चिरलेल्या पोटाच्या कडा मागे ओढून धरणारा पोलादी हात. एकेकाळी गर्भाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया माझ्यावाचून होत नसे. आजच्या सर्जनबाई तेव्हा शिकाऊ होत्या; मला धरून धरून त्यांचं मनगट भरून येई.

पुढे चार बारीक छिद्रांतून, दुर्बिणीने काम होऊ लागलं आणि मी कापडात गेलो. तरी थोरल्या सिस्टरांचा दंडक असा, की प्रत्येक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला मी ट्रॉलीवर हवाच. निर्जंतुक राहण्याची मुदत संपली की पुन्हा वाफ, नवी चिकटपट्टी, नवी तारीख. "चला आजोबा, आंघोळीला!" एवढंच त्या एरवी माझ्याशी बोलतात. नऊ वर्षांत मला माणसाची ऊब लागलेली नाही.

गेल्या आठवड्यात टेबलावर एक शिंपीणबाई होत्या. भूल देण्याआधी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आई अंथरुणाला खिळलीय. तिला मीच उचलते. पोट चिरलंत तर महिना-दीड महिना तिला कोण उचलणार?"

"छिद्रांतूनच करणार आहे. पण गर्भाशय अख्खं निघायला हवं. आत तुकडे झाले तर रोग पसरायची भीती. अडलं, तर उघडावं लागेल."

"मग उघडा, बाई. टाके तेवढे सरळ घाला. मी तपासणार आहे हं!"

गर्भाशय सुटलं, पण खालच्या वाटेने, योनिमार्गातून, बाहेर येताना अडलं. "सिस्टर, पोट उघडायचा मोठा सेट जवळ घ्या."

सिस्टरांची बोटं माझ्या चिकटपट्टीवर आली. पट्टी अर्धी निघाली. खोटं कशाला सांगू, मी हरखलो. आणि लगेच मला ती अंथरुणावरची आई आठवली. माझी ऊब म्हणजे तिच्या लेकीच्या पोटावर वीतभर चीर.

"थांबा... जरा कलतं घेते." सर्जनबाईंनी ते हळूहळू फिरवत खाली ओढलं. "आलं. अख्खं आलं."

बोटं मागे गेली.

तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई चालत घरी गेल्या. जाताना आरशात पोट न्याहाळून म्हणाल्या म्हणे, "तीन झकास, चौथा टाका तिरका!" सिस्टरांनी हे मला नवी पट्टी लावताना सांगितलं.

माझी विनवणी एवढीच : मला भंगारात काढू नका. ट्रॉलीवर, हाताशी ठेवा. आणि साधेल तोवर उघडू नका.